पॅटर्नच्या कारखान्यातून दारातल्या पुलाकडे: आमची वाटचाल

आमचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. मूळ धंदा फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवण्याचा. पंपाची बॉडी किंवा मोटरचं कव्हर बीडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचं तर आधी त्याची सागवानी प्रतिकृती लागते आणि ती वाळूत दाबून साचा घेतात. वडिलांनी हे काम सुरू केलं, माझा हात त्यांच्याच हाताखाली बसला. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिमी आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी लांब असते. पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार देतात, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. आणि दोन भागांचा पॅटर्न दर वेळी नेमक्या त्याच जागी जुळावा म्हणून पितळी डॉवेल, म्हणजे खुंट्या, बसवतात. हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण आज आम्ही घरातल्या छोट्या प्रतिकृती-रेल्वेसाठी दारात उघडता येणारे पूल बनवतो, ते काम याच विद्येवर उभं आहे.

पुढे आसपासच्या फाउंड्र्या एकेक करून शहराबाहेर गेल्या. पॅटर्न संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर रेझिनच्या ठोकळ्यांतून कापून येऊ लागले. आमच्याकडे रंधे होते, लेथ होती, वर्षानुवर्षं सोबत असलेले मिस्त्री होते. काम मात्र आटत चाललं होतं. काही काळ फर्निचरवर काढला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

कळव्याचे एक निवृत्त मोटरमन काका आमच्याकडे आले ते एका विचित्र मागणीसाठी. घरातल्या आतल्या खोलीत भिंतीला लागून त्यांनी चारी बाजूंनी प्रतिकृती-रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ-गाड्यांचा देखावा, मांडला होता. एचओ प्रमाणाचा, म्हणजे खऱ्याच्या १/८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. गाडीला पूर्ण फेरी मारायची तर रूळ दारावरून न्यावे लागत होते, आणि काकूंचं म्हणणं होतं की त्या वाकून खोलीत जाणार नाहीत. काकूंचं बरोबरच होतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये लेआउटसाठी वेगळी खोली कुणाला मिळते? जी मिळते तिथेच कपाट असतं, पाहुण्यांची गादी असते आणि दिवसातून कितीदा तरी कुणीतरी आत-बाहेर करत असतं. म्हणून दारात उचलता येईल असा पूल हवा.

सुतारकामात अर्धं सूत इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. सूत म्हणजे जवळपास ३ मिमी. इथे नीट घडवलेल्या चाकाची आतली कड पाऊण मिमीपेक्षाही कमी असते. पूल पाव मिमीने बाजूला सरकला तरी डबा डगमगतो, अर्ध्या मिमीला रुळावरून उतरतो. रोज उचलायचा, रोज ठेवायचा आणि रोज त्याच जागी यायला हवा. मला हे ऐकताच डॉवेल आठवले. पुलाच्या सुट्या टोकाला निमुळत्या पितळी पिना आणि समोर पितळी बुश, म्हणजे पिन आत बसेल अशा नळ्या, अशी रचना केली. पूल खाली येतो तेव्हा पिनाच त्याला ओढून जागेवर बसवतात.

बिजागरीचं गणित यापेक्षा अवघड आहे आणि स्वतः पूल करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला वाटतं. वर उचलायच्या पुलाच्या बिजागरीची पिन रुळाच्या माथ्याच्या वर हवी. खाली असेल, तर पूल उचलताच त्याच्या रुळांची टोकं समोरच्या रुळांत घुसतात. पिन वर असली की तीच टोकं आपोआप मागे सरतात. पण मग दुसऱ्या, सुट्या टोकाला नवा त्रास होतो: ते सरळ वर न जाता आधी किंचित बाहेर सरकतं. ८३ सेंमी लांबीचा पूल आणि रुळापेक्षा २० मिमी वर असलेली पिन धरली, तर हे सरकणं ०.२४ मिमी येतं. पिन ३० मिमी वर नेली की तेच अर्ध्या मिमीच्या पुढे जातं. म्हणून पिन जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवायची आणि तिथे स्टेशनची इमारत किंवा सिग्नल केबिन बसवून ती झाकायची. पुलाचा तळ रुळाच्या ६० मिमी खाली असेल, तर तळाचा कोपरा जवळजवळ ४ मिमी बाहेर येतो. तिथे लाकूड तिरकं तासावं लागतं. मिस्त्रींना एवढंच सांगितलं, की इथे ड्राफ्ट द्यायचाय. पुढचं त्यांनी न विचारता केलं.

उष्णतेने रूळ वाढतात, तोही हिशेब धरावा लागतो. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा रूळ मीटरला दर अंशामागे साधारण ०.०१७ मिमी वाढतो. एसी लावलेली खोली आणि मे महिन्यातली बंद खोली यांत १४ अंशांचा फरक धरला, तर आपल्या पुलावर ०.२ मिमी होतात. मघाचं सरकणं आणि हे वाढणं मिळून सुट्या टोकाला लांबीच्या दिशेने अर्धा मिमी फट आम्ही सोडतो. चाकाला ती जाणवत नाही. पावसाळ्यासाठी मरीन प्लाय, आयएस ७१० चा, आणि कापलेली प्रत्येक कड सीलरने बंद. रुळांची टोकं खिळ्यांवर सोडत नाही. प्लायमध्ये पितळी स्क्रू बसवून त्यांच्या डोक्याला सोल्डर करतो.

मोटरमन काकांनी एक अट घातली होती: पूल नीट बसला नसेल, तर गाडी पुलापर्यंत पोहोचताच कामा नये. आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस. खऱ्या रेल्वेत उघडता येणारा पूल कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, मग घरात का नाही? सुट्या टोकाच्या पिनेखाली मायक्रोस्विच बसवला. पूल हलला, की दोन्ही बाजूंच्या एकेका इंजिनापेक्षा बऱ्याच लांब पट्ट्याचा करंट तुटतो. बिजागरीतून करंट आम्ही कधीच नेत नाही. तिथे मऊ बहुतारी वायरचा सैल वेढा असतो. आता बऱ्याच डिजिटल इंजिनांत वीज साठवणारे कपॅसिटर असतात, करंट तुटला तरी ती थोडी पुढे धावतात. म्हणून अशा लेआउटला पूल उघडताच रुळावर उभा राहणारा ॲक्रिलिकचा अडसरही देतो. सव्वा मीटर उंचीवरून फरशीवर पडलेलं इंजिन दुरुस्त करणं फार जिवावर येतं.

काकांच्या ओळखीतून पुढची कामं आली. पुण्याला कोथरूडचं लघु रेल्वे संग्रहालय लहानपणी पाहिलेली कितीतरी माणसं ठाण्यात, नवी मुंबईत आहेत, हे मला तेव्हा कळलं.

खारघरच्या एका ग्राहकाला दारात पांबन, म्हणजे रामेश्वरमला जाणारा समुद्रावरचा रेल्वे पूल, हवा होता. १९१४ चा जुना पांबन दोन पाख्यांनी वर उघडायचा. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. ७२.५ मीटरला ८७ ने भागलं तर ८३ सेंमी, म्हणजे बरोबर बेडरूमच्या दाराएवढे! त्या जुळणीने आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पण १७ मीटरचे होतात जेमतेम २० सेंमी. खालून बोट जाते, माणूस जात नाही. म्हणून पांबन खिडकीखाली नेला, मनोऱ्यांत शिशाचे प्रतिभार लटकवले, ज्यामुळे लहानशी गिअर मोटर गाळा सहज उचलते. दारात साधा, खाली पडणारा पूल दिला, कारण त्यांचे रूळ इतके उंच होते की वर उचललेला पूल चौकटीला अडला असता. खाली पडणाऱ्या पुलात पिन रुळाखाली जाते, बाकी गणित तेच.

भाड्याच्या घरांसाठी वेगळी सोय करावी लागली. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस भिंतीला ड्रिल मारू शकत नाही, आणि दाराच्या दोन बाजूंचे आधार एकमेकांशी बांधलेले नसतील तर कितीही चांगला पूल महिन्याभरात तिरका बसू लागतो. आम्ही दोन्ही आधार चौकोनी पाइपचे करतो आणि उंबऱ्याला लागून ५ मिमीच्या लोखंडी पट्टीने जोडतो. पायाला अडत नाही, घर बदलताना नट सोडले की सगळं टेम्पोत जातं.

पॅटर्नचं काम अजून थोडं येतं आणि आम्ही ते सोडलेलं नाही. पुलासाठी फोन आला, तर आधी दार आत उघडतं की बाहेर, रूळ जमिनीपासून किती उंच आहेत आणि घरात लहान मूल आहे का, हे विचारतो. मूल असेल, तर किचनच्या वरच्या कपाटाला लावतात तसा गॅस पंप लावल्याशिवाय वर उचलायचा पूल देत नाही. त्याचे पैसे वेगळे घेत नाही. आणि दारावरून रूळ न नेताही लेआउट रंगेल असं दिसलं, तर तसं सांगतो. ऐरोलीत नुकतंच एकाला दाराच्या दोन्ही अंगांना स्टेशनं करून दिली: एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला बोरीबंदर.