डब्लिनमध्ये आयरिश पूर्वजांची जमीन शोधताना आधी कुठे जाऊ नये

हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये पहिल्याच दिवशी जाऊ नका. तिथे १७०८ पासूनचे दस्त आहेत म्हणून जो तो तिकडेच पिटाळतो. पण लहान कुळाकडे दस्त असायचाच कुठे? कॅथलिकांना तर १७७८ पर्यंत ३१ वर्षांहून लांबचा भाडेपट्टाही घेता येत नसे. नावांची सूची आहे ती फक्त लिहून देणाऱ्यांची, घेणाऱ्यांची नाहीच. त्यातही १८३३ पूर्वीच्या सूचीत काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) पत्ता नाही. मर्फीसारखं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव असेल तर संपलंच. खंड इतके जड, की त्यांना ‘थडगी’ म्हणतात. दिवसभर ती उचला, संध्याकाळी खांदे भरून येतात आणि हात रिकामे. पूर्वज जमीनदार असतील तरच ही हमाली करा.

निघण्यापूर्वी टाउनलँडचं, म्हणजे तिथल्या जमिनीच्या सर्वांत लहान विभागाचं, नाव हवंच. ‘कॉर्कचे होते’ एवढ्यावर विमानात बसू नका. टाउनलँड ६०,००० हून जास्त आहेत, एकच नाव चार काउंट्यांत सापडतं, म्हणून सिव्हिल पॅरिश, म्हणजे अनेक टाउनलँड मिळून होणारा मोठा विभाग, तोही टिपून ठेवा. ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७–६४), म्हणजे कर बसवण्यासाठी केलेली कुळांची आणि जमिनीची यादी, इंटरनेटवर फुकट आहे. तेच पान छापून, वर सोनेरी चौकट काढून पैसे मागणारे भेटतील. एक युरोही देऊ नका. पहिल्या रकान्यातला आकडा नकाशावरच्या तुकड्याचा असतो, घर क्रमांक नव्हे. सोबतचा नकाशा बऱ्याचदा नंतरच्या फेरतपासणीचा असतो, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. त्याआधीच्या टाइद (चर्चसाठी जमिनीवर घेतलेला कर) नोंदींत आयरिश एकर असतो, म्हणजे १.६२ साधे एकर. तिथले १० एकर ग्रिफिथमध्ये १६ झाले, तर कुणी जमीन घेतली असं समजू नका.

खरा माल आहे पूर्वीच्या मूल्यांकन कचेरीच्या ‘कॅन्सल्ड बुक्स’मध्ये, म्हणजे ग्रिफिथनंतरचे बदल टिपलेल्या वह्यांमध्ये. आपल्याकडचे फेरफारच म्हणा ना. जुन्या कुळाचं नाव लाल शाईने खोडलेलं, वर मुलाचं नाव त्याच लालने आणि उजव्या कडेला त्याच लालने ‘७८’: म्हणजे १८७८ ला नोंद बदलली. पुढची तपासणी निळ्या शाईने. शाईचा रंगच साल सांगतो, म्हणून काळीपांढरी झेरॉक्स घेऊन आलात तर फेरी फुकट. रंगीत प्रतच मागा. नोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी बदललेली असू शकते, तेव्हा त्या सालाला मृत्यूचं साल समजू नका. वही सध्या कुठे पाहायला मिळते आणि वेळ आधी घ्यावी लागते का, हे ईमेलने विचारूनच निघा.

उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या अशाच वह्या, १८६४ ते १९३३, बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट टाकल्या आहेत. त्यांच्यासाठी तिकीट काढूच नका.