दुसऱ्याच्या बिलातली पेंड

दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. “अहो मॅडम, त्या बाईंनी पेंडीचं पोतं उचललंच नाही. मग बिलात कपात कशी काय आली?”

आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांसाठी आहे. दोन वेळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि दर दहा दिवसांनी बिल. पशुखाद्याची उचल, कर्जाचा हप्ता हे बिलातूनच कापलं जातं. दहा दिवसांच्या दुधाचे पैसे हातात येतात तेव्हा घरातल्या कुणाला तरी ते आधीच द्यायचे असतात. म्हणून तो फोन मला आजही आठवतो.

चूक कोडच्या एका ओळीत होती. दुरुस्तीचं बिल करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याला, कपातींची यादी द्यायची, आणि दिली नाही तर रिकामी यादी धरायची, असं लिहिलं होतं. वाचताना अगदी सरळ वाटतं. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ही रिकामी यादी दर वेळी नव्याने तयार होत नाही. फंक्शनची व्याख्या चालते त्या क्षणी ती एकदाच बनते आणि पुढे प्रत्येक कॉलला तीच मिळते. आमचं फंक्शन त्याच यादीत उचल जोडत होतं. नेहमीच्या बिलांना यादी बाहेरून जायची, त्यामुळे तिथे काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी दुरुस्तीची दोन बिलं लागोपाठ निघाली. पहिल्याची पेंड यादीत राहिली आणि दुसऱ्याच्या बिलात उतरली.

सचिवांना कारण सांगून बिल सुधारून दिलं आणि मग मी जुनी पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो कोड तपासायला आला होता ती नोंद, उघडली. रिव्ह्यू मीच केला होता. माझ्या अकरा कॉमेंट्स होत्या: इथे एक ओळ रिकामी सोड, अवतरणचिन्हं एकसारखी ठेव, ओळ फार लांब झाली, स्वल्पविरामानंतर जागा हवी. त्या ओळीवर एकही नव्हती. कोड लिहिणारा मुलगा नवीन होता, त्याने अकराच्या अकरा गोष्टी मुकाट्याने दुरुस्त केल्या होत्या. माणसाची नजर किती वेळ ताजी राहते? माझी स्वल्पविरामांवर खर्च झाली होती.

त्याच आठवड्यात आम्ही रफ हे पायथन कोड तपासणारं साधन बसवलं. कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारी साधनं तशी जुनी आहेत. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिलं ते १९७०च्या दशकात. लिंट म्हणजे कपड्यावर चिकटलेली सुतं, ती झटकायची. आमच्या त्या चुकीलाही रफमध्ये नियम आहे, बी००६. मात्र तो आपोआप चालू नसतो, बी गटाचे नियम सेटिंगमध्ये सांगून चालू करावे लागतात. नुसतं इन्स्टॉल करून थांबलो असतो तर ती ओळ पुन्हा निसटली असती.

जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रीनभर इशारे आले. सगळे एकदम दुरुस्त करू नका, असं मी कळकळीने सांगेन. आम्ही आधी फक्त फॉरमॅटिंग (कोडची मांडणी) केलं, तेही एकाच वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एका नोंदीत, लॉजिकला हात न लावता. त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून गिटला, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला, ती दाखवून दिली, की ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते) बघताना तो कमिट वगळला जातो. हे केलं नाही तर प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसतं आणि ती ओळ मुळात कुणी, का लिहिली याचा माग हरवतो.

आपोआप दुरुस्तीवर डोळे मिटून विसंबू नये, हेही तेव्हाच कळलं. आमचे रिपोर्ट मॉड्यूल (कोडच्या वेगळ्या फाइली) इम्पोर्ट होताच, म्हणजे मुख्य कोडमध्ये ओढून घेतले की, स्वतःची नोंदणी करतात. रफला ते इम्पोर्ट वापरात नसलेले दिसले आणि त्याने ते काढून टाकले. मेनूतून तीन रिपोर्ट गायब! आता त्या ओळींवर सूट दिली आहे आणि शेजारी कारण लिहिलं आहे. कारणाशिवाय सूट द्यायची नाही, हा आमचा नियम.

आता कमिट करतानाच तपासणी होते आणि सर्व्हरवर पुन्हा एकदा. ओळ किती लांब हवी यावर कुणी बोलत नाही. ८८ अक्षरं, विषय संपला. नावं मात्र कुठलंही साधन सुधारून देत नाही. ‘रक्कम२’ म्हणजे कपातीच्या आधीची की नंतरची, हे माणसालाच विचारावं लागतं आणि ते विचारायला आता वेळ मिळतो.

परवा त्याच मुलाने माझ्या कोडवर एकच कॉमेंट टाकली: “फॅट शून्य आलं तर दर शून्य लावायचा, की नोंदच अडवायची?” मी याचा विचारच केला नव्हता. आम्ही सचिवांना फोन लावला.

“अडवा,” ते म्हणाले. “शून्य फॅट म्हणजे मशीन बिघडलंय. त्यात दूध घालणाऱ्याचा काय दोष?”