पुसून टाकलेली ओळ

“सर, फक्त कमांड सांगा, बाकीचं मी नंतर वाचेन,” असा संदेश आज संगणक सुरक्षा शिकणाऱ्या एका मुलाने पाठवला. दुसऱ्या यंत्रात शिरण्याची कमांड, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, त्याला हवी होती. मी उत्तरात त्या कमांडची ओळ पूर्ण टाइप केली आणि त्याच्या ‘बाकीचं’ या शब्दावर नजर अडखळताच एकेक अक्षर पुसून टाकली.

यंत्र कोणाचे, मालकाची परवानगी आहे का, सुरू केलेले थांबवता येईल का, हे सारे त्या ‘बाकीच्या’तच तर येते. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म (स्वतःच्या प्रती काढत एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा प्रोग्राम) नासधूस करण्यासाठी लिहिलेला नव्हता. तरीही एकाच संगणकात पुन्हा पुन्हा शिरत राहिल्याने त्याने हजारो यंत्रे ठप्प केली.

पण सरळ नकार देणेही मला पटत नाही. मलाही कोणीतरी शिकवलेच होते. शेवटी त्याला स्वतःच्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा वेगळा, आभासी संगणक) उभारून सराव करायला सुचवले.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तुम्ही काय सांगितले असते?