उदयनगरची वाट

पहाटे साडेचारला इंदूरच्या कॅथेड्रलसमोरून बस सुटली तेव्हा मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले, कारण चेची, आमच्या चर्चमधली केरळची थोरली ताई, मागे बसली होती. तीन वर्षं आम्ही दोघी एकाच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होतो आणि असंच अंतर राखून बसत होतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शनिवार होता. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, होऊन तीनच दिवस झाले होते. बसमधल्या पोरांच्या कानांमागे गुलाबी रंग अजून होता, आणि हीच पोरं आज क्रूस खांद्यावर घेणार होती. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या समुदायात, चाळीस-पन्नास घरं नियमित येणारी. केरळची, तमिळनाडूची, झारखंडची, गोव्याची, झाबुआकडची भिल्ल कुटुंबं, आणि मराठी म्हणाल तर आता आमची तीन घरं. मिस्सा हिंदीत, माळ हिंदीत, भांडणंही हिंदीत.

माझे आजोबा श्रीरामपूरकडून मालवा मिलमध्ये कामाला आले आणि नंदानगरात राहिले. आजी हरेगावच्या मतमाउलीची भक्त. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मदिनाची यात्रा आली की तिचं इंदुरात लक्ष लागत नसे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या काळाला ती ‘उपासाचे दिवस’ म्हणायची. शुक्रवारी मांस-मासे नाही, संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूस वाहण्याची आठवण करणारी प्रार्थना, आणि कुणाशी वैर असेल तर ते ईस्टरच्या आत मिटवायचं. पहिल्या दोन गोष्टी मी आयुष्यभर पाळल्या. तिसरी मात्र तीन वर्षं माझ्याच्यानं होत नव्हती.

आजीची एक ओवी होती, मुलाला मांडीवर घेतलेल्या मरियामातेच्या दुःखाची. कुठल्या पुस्तकात नाही, गावाकडच्या बायका म्हणत तशी. पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, साक्रामेंतापुढे, म्हणजे पवित्र केलेल्या भाकरीपुढे, आराधना असते, तिथं आजी ती म्हणायची, मग आई, मग मी. तीन वर्षांपूर्वी तालमीत सगळ्यांसमोर चेचीनं ती यादीतून काढली. गायनवृंद तिच्याकडे आहे. “टीचर, कोणाला कळत नाही,” एवढंच ती म्हणाली. मी पेटी बंद करून घरी आले. तेव्हापासून मिस्सात आजूबाजूच्यांना शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की मी तिच्या विरुद्ध बाजूला वळत असे.

नाचनबोरच्या घाटात उजाडता उजाडता उतरलो. इथून उदयनगर या गावातल्या सिस्टर राणी मारियांच्या समाधीपर्यंत पायी. याच रस्त्यावर २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारियांना भोसकून मारलं. वय ४१. मूळच्या केरळातल्या पुल्लुवळीच्या, क्लॅरिस्ट धर्मभगिनी. १९९२ साली त्या उदयनगरला आल्या आणि सावकाराच्या वह्यांत अडकलेल्या आदिवासींना सरकारी योजना, बँकेचं कर्ज, बचत गट यांची वाट दाखवू लागल्या. ज्यांचं व्याज बुडायला लागलं त्यांनी समंदर सिंह नावाच्या तरुणाला पुढे केलं. अंगावर ५४ जखमा होत्या. बस माणसांनी भरलेली होती आणि मधे कुणी पडलं नाही.

ही गोष्ट फादरनी घाटातच उभं राहून सांगितली. कुणी हललं नाही. खाली मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बायका फुलं वेचत होत्या, सगळीकडे तो गोड, जडसर वास.

पुढचं तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरी पायी चालताना ते वेगळंच ऐकू येतं. समंदर सिंहला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनी क्षमा केल्यावर २००६ साली त्याची सुटका झाली. पुढच्या वर्षी तो केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला, तर त्या माउलीनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्याच हातांचं. क्षमा हा शब्द प्रवचनात फार सोपा होऊन जातो असं मला नेहमी वाटतं. त्या आईला ते करायला बारा वर्षं लागली की एक क्षण, हे आपल्याला कसं कळणार? पण तिनं ते केलं.

क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं आम्ही रस्त्यावर वाटून घेतली होती. सागाचा क्रूस लांब, म्हणून दोघांनी उचलायचा, एकानं पुढून, एकानं मागून. प्रत्येक स्थानाला जोडी बदलायची. मधल्या वाटेत माळेची प्रार्थना. सगळे “प्रणाम मरिया” म्हणत आणि माझ्या ओठांवर आपसूक “नमो मरिये” येई. एका वस्तीपाशी दारात उभी असलेली म्हातारी आम्हाला बघून “नर्मदे हर” म्हणाली. नर्मदेची परिक्रमा करणारे परकम्मावासी असोत की आम्ही, तिच्या लेखी चालणारा तो चालणारा. पोरांनी “जय येसु” म्हटलं. तिनं मान डोलावली आणि माठ उघडून दिला.

नवव्या स्थानाला, येशू तिसऱ्यांदा पडतो तिथं, माझी पाळी आली. मागच्या टोकाला चेची होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

ऊन चढलं होतं. माझी टाच सोलवटली होती, त्यामुळे पाऊल तिरकं पडत होतं आणि क्रूस हिंदकळत होता. मागून आवाज आला, “टीचर, डावा पाय आधी. मी धरलंय.” पुढच्या स्थानाला खांदेपालट झाल्यावर तिनं मला पळसाखाली बसवलं, पिशवीतून कापूस आणि पट्टी काढली. चाळीस वर्षं नर्स होती ती. हात अजून तसाच चालतो. मी काहीच बोलले नाही. तीच बोलली, पट्टी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता.

“बावीस वर्षांची होते इंदूरला आले तेव्हा. चर्चमध्ये एक शब्द कळायचा नाही. नुसत्या चालीसाठी यायचे. माझी आई गुड फ्रायडेला एक गाणं म्हणायची, मल्याळममध्ये. ते मी इथं कधीच म्हटलं नाही. कोणाला कळणार, असं वाटायचं.”

मग थोडं थांबून म्हणाली, “तुला म्हटलं ना, ते मी स्वतःला इतकी वर्षं म्हणत होते.”

मला रागच आला आधी. तुझं गाणं तू दाबलंस म्हणून माझ्या आजीचं का? हे मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “हो. चुकलं.” पण माझ्याही मनात आलं की इतक्या वर्षांत मी तरी तिला कधी विचारलं, तुझी आई काय म्हणायची? मी टीचर, ती नर्स, नाताळचा केक एकमेकींकडे जायचा, आणि एवढं साधं विचारायचं राहून गेलं.

उदयनगरला पोचायला दुपार टळली. सेक्रेड हार्ट चर्चमध्ये सिस्टरांची समाधी आहे. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा मैदानातली गर्दी मी पाहिली होती, पण इथली शांतता निराळी. सगळे गुडघ्यांवर बसले. फादरनी कुठलीच प्रार्थना सुरू केली नाही. म्हणाले, ज्याला जी येते ती म्हणा. मग कुजबुज सुरू झाली. कुडुख, तमिळ, कोंकणी, भिली, मल्याळम. इतक्या भाषा आमच्या धर्मग्रामात आहेत हे मला साठीजवळ आल्यावर कानांनी कळलं. मी आजीची ओवी म्हटली, हळू. शेवटच्या कडव्यात आवाज फुटला.

नंतरच्या मिस्सात शांतीचं अभिवादन आलं तेव्हा आम्ही शेजारीच होतो. वळायची गरज पडली नाही.

येत्या पवित्र गुरुवारी रात्री दहा ते अकरा आमच्या वृंदाची आराधनेची वेळ आहे. आधी चेचीच्या आईचं गाणं, मग आजीची ओवी. ती माझ्या घरी येते, पेटी मी वाजवते. तिला वरची पट्टी लागते, मला खालची. काल तासभर तेवढंच चाललं होतं.