डच चॉकलेट आणि बीडचा कोयता

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सिंटरक्लासच्या सणानिमित्त, आमच्या डेल्फ्टच्या कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर चॉकलेट येऊन पडते. यंदा ते टोनीज चोकोलोनली या डच कंपनीचे होते, आणि ते मोडता मोडता शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, की तुमच्याकडे ऊस तोडणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जातात हे खरे आहे का? न्यूयॉर्क टाइम्सने 2024 मध्ये महाराष्ट्राच्या साखरेवर छापलेला शोधलेख त्याने वाचला होता. मी होकार दिला आणि लगेच विषय वेस्टलंडकडे वळवला. आमच्या गावाजवळच असलेल्या या काचगृहांच्या पट्ट्यात टोमॅटो आणि ढोबळी मिरची तोडणारे बरेचसे हात पोलंड-रोमानियाचे आहेत. त्यांपैकी अनेकांची खोलीही मजूर पुरवणाऱ्या एजन्सीचीच असते, म्हणजे काम गेले की छप्परही जाते, आणि हे मी सांगतो म्हणून नव्हे, तर एमिल रूमर यांच्या समितीने 2020 मध्ये डच सरकारलाच तसे बजावले होते. सहकाऱ्याने ते निमूटपणे मान्य केले, त्यामुळे माझी वाद घालण्याची सोयच गेली.

या चॉकलेटबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. त्याचे तुकडे मुद्दाम लहानमोठे पाडलेले असतात, कारण कोकोच्या धंद्यातला पैसा असाच असमान वाटला जातो, हे कंपनीला खाणाऱ्याच्या बोटांना जाणवून द्यायचे आहे. बड्या कंपन्यांनी 2001 मध्ये सही करून बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार 2005 पर्यंत संपवण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही, आणि त्याच 2005 मध्ये टॉन व्हान द कूकन या पत्रकाराने हे चॉकलेट बाजारात आणले. घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या शेतकरी सहकारी संस्थांकडून ही कंपनी थेट बी घेते, किमान पाच वर्षांची बांधिलकी देते आणि कुटुंबाला नीट जगता येईल असा हिशेब मांडून बाजारभावावर वेगळा अधिभार मोजते. परंतु मला सर्वांत मोठी वाटते ती निराळीच गोष्ट. आपल्याच साखळीत बालमजुरीची 1,700 हून अधिक प्रकरणे सापडल्याचे तिने स्वतःच्या वार्षिक अहवालात छापले, आणि वर असे बजावले की शोधले तरच सापडते आणि सापडले तरच सोडवता येते. आपल्याकडे एखाद्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात असे वाक्य आले, तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील!

अर्थात, कोको हे चैनीचे पीक आहे; चॉकलेटसाठी चार पैसे जास्त मोजणारा ग्राहक मिळतो, चहातल्या साखरेला तो कोठून मिळणार, असा युक्तिवाद मी करतो आणि तो मला अजूनही पटतो. पण भाव देण्याचा कायदा आपल्याकडे नाही असेही नाही. ऊस उत्पादकाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली रास्त आणि किफायतशीर किंमत आहे, ती चौदा दिवसांत द्यावी असा नियम आहे. तोड करणाऱ्याच्या वाट्याला मात्र मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) येते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे 82 हजार महिला कामगारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला तर दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि पाळीच्या तक्रारीवर डॉक्टरने सांगितलेला एकच उपाय, हे आपण सारे जाणतो. तरीही ‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हे कारखान्यांचे उत्तर ठरलेले आहे.

हे उत्तर मला सर्वांत जास्त खटकते. घानातल्या दोन-चार हेक्टरांच्या बागेतली बी कोणाची, हे शोधायला टोनीजला स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. आपल्या कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी आली की शेतकऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक आणि तोडणी ठेकेदाराचा संकेतांक यांची नोंद होतेच, कारण बिल आणि कमिशन त्यावरच निघते. म्हणजे माग काढण्याची सोय आयती आहे. त्या नोंदीत फक्त कोयत्याची माणसे नाहीत, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने बाईचे नाव तर मुकादमाच्या वहीतही बहुधा सापडत नाही.