वाचकाला काय ठाऊक आहे? तीन प्रकारच्या कादंबऱ्या लिहिताना आलेला अनुभव

ऐतिहासिक, रहस्यप्रधान आणि वैज्ञानिक अशा तीन प्रकारांत कादंबऱ्या लिहून झाल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळताना सगळे नव्याने शिकावे लागते का? माझा अनुभव असा, की भाषेची जाण आणि माणसांविषयीचे कुतूहल आपल्याबरोबर येतेच. नव्याने सोडवावा लागतो तो एकच प्रश्न, आणि तो म्हणजे वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे आणि उरलेले त्याला केव्हा कळू द्यायचे.

माझी पहिली कादंबरी वसईच्या मोहिमेवरची. ही मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, हे मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. ज्या गोष्टीचा शेवट सर्वांना ठाऊक आहे, तीत उत्कंठा आणायची कुठून? पुष्कळ विचारांती मी सरदारांना मागे ठेवले आणि तटाच्या दिशेने सुरुंग खोदणाऱ्या एका बेलदाराला पुढे आणले. किल्ला पडणार हे वाचक जाणतो. बेलदार मात्र समोरच्या हातभर मातीपलीकडचे काहीच जाणत नाही, आणि तो जिवंत राहणार की नाही हे वाचकालाही ठाऊक नसते. कादंबरी उभी राहिली ती या दोन अज्ञानांच्या आधारावर.

त्या काळाच्या मर्यादांनी मला जेवढे दिले तेवढे कल्पनेनेही दिले नसते. घासून पेटणारी काडी इंग्लंडात आली ती १८२७ च्या सुमारास. म्हणजे वसईच्या काळात दिवा लावायला एक तर चकमक हवी, नाही तर राखेखाली जपलेला निखारा. बेलदाराची बायको तिन्हीसांजेला शेजारणीकडे विस्तव मागायला जाते, शेजारीण खापरीत निखारे घालता घालता छावणीतली बातमी सांगते, आणि ती ऐकता ऐकता खापरी हाताला चटका देते, तरी हिच्या ते ध्यानात येत नाही, असा प्रसंग मी लिहिला. काडेपेटी असती, तर तिला घराबाहेर पडायचे कारणच उरले नसते.

रहस्य कादंबरीत सगळेच उलटे झाले. येथे वाचकाला शेवट कळता कामा नये, पण शेवटाकडे नेणारी प्रत्येक खूण त्याच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे. मला हा वाचकाशी केलेला करारच वाटतो. म्हणून मी शेवटचे प्रकरण आधी लिहिले आणि नंतर प्रत्येक पात्राला कोणत्या दिवशी काय माहीत होते, याचा तक्ता मांडला. कोकणातल्या दमट उकाड्यात प्रेत ताठरण्याची आणि पुन्हा सैल पडण्याची क्रिया थंड हवेपेक्षा लवकर होते, त्यामुळे मृत्यूच्या वेळेचा अंदाज चुकवायला मला वेगळी युक्ती करावी लागली नाही. कायद्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागले. खून १ जुलै २०२४ पूर्वी झालेला असेल तर कलम ३०२, त्या दिवशी वा नंतर झालेला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३. जुन्या हवालदाराच्या तोंडी ‘तीनशेदोन’ राहणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या हातच्या कागदावर ते चालणार नाही. शिवाय पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. त्यामुळे शेवटच्या पानावर गुन्हेगाराने निरीक्षकासमोर सर्व कबूल करून टाकायचे, ही सोय मी नाकारली. पुरावा पंचनाम्यातच असावा आणि तो वाचकाने आधी वाचलेला असावा, असा माझा आग्रह होता.

विज्ञान कादंबरीने वेगळीच अडचण उभी केली. येथे वाचकाला त्या जगाचे नियमच ठाऊक नसतात आणि ते व्याख्यान न देता सांगायचे असतात. माझ्या कादंबरीतली मुलगी मंगळावर काम करते आणि तिची आई सांगलीत राहते. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. अशा दोघींचे बोलणे लिहायचे कसे? ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला पाऊण तासाने उत्तर येणार असेल, तर तो संवाद राहत नाही.

वाट दाखवली ती वसईसाठी वाचलेल्या कागदांनी. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आहेत. त्यांतली पत्रे वाचताना मला जाणवले होते, की पत्र लिहिणाऱ्याला आपली बातमी पोहोचेपर्यंत शिळी होणार याची पुरेपूर कल्पना असते. म्हणून तो प्रश्न विचारून थांबत नाही. उत्तर काय येईल याचा अंदाज बांधून, ‘ऐसे असेल तर असे करणे, तैसे असेल तर तसे’ या धर्तीवर पुढचे लिहून मोकळा होतो. आई आणि मुलगी तशाच बोलू लागल्या. आई म्हणते, ‘तू चिडली असशील, तर पुढचं नंतर ऐक. चिडली नसशील, तर बाबांचं सांगते.’ या एका वाक्यानंतर मंगळाच्या अंतराविषयी वेगळे काही सांगायची गरज उरली नाही.

सध्या मी ऐतिहासिक आणि रहस्य कादंबरी एकत्र आणते आहे. काळ १८९७ चा, पुण्यातल्या प्लेगचा. सरकारी तपासणी पथके घराघरांत शिरत आहेत, माणसे गावाबाहेर पळत आहेत, आणि पेठेतल्या एका वाड्यात मृत्यू होतो. त्या वर्षी वाड्यातला मृत्यू प्लेगचाच समजला जाणार, प्रेत घाईने हलवले जाणार आणि मारेकऱ्याला याहून मोठे संरक्षण मिळणार नाही. तपास करते ती मृताची विधवा बहीण, जिला वाड्याबाहेर पडायचीही मोकळीक नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली जाणार, हे वाचकाला ठाऊक आहे आणि तिला नाही. त्यानंतर शहरात पोलिसांचा असा काही जाच सुरू होईल, की तिच्या शोधाला वाव उरणार नाही. तेव्हा तिला जे शोधायचे आहे, ते त्या रात्रीपूर्वी शोधावे लागेल. माझे लेखन मार्चपर्यंत आले आहे आणि वाड्यातल्या कोणालाही अजून संशय आलेला नाही.