डाउनटन अ‍ॅबी रीवॉच, सीझन २: यावेळी फक्त जेवण वाढणाऱ्यांकडे बघतेय

डाउनटन म्हणजे इंग्लंडमधल्या एका अर्लच्या (सरदाराच्या) घराची आणि त्यांच्या नोकरांची ब्रिटिश मालिका. तिच्या सीझन २ चे आठही एपिसोड आणि वरचा ख्रिसमस स्पेशल संपला एकदाचा. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी इथूनच परत फिरा.

यावेळचा नियम साधा ठेवला होता. जेवणाच्या टेबलाचा सीन आला की खुर्चीवर बसलेल्यांकडे बघायचं नाही, भिंतीशी कोण उभं आहे आणि सॉसचं भांडं कोणाच्या हातात आहे ते बघायचं, वहीत टिपायचं. पहिल्यांदा बघताना आपण सगळेच मेरी (अर्लची थोरली मुलगी) आणि मॅथ्यू (घराचा वारस) यांच्या मागे असतो, मग मॅथ्यूची वाग्दत्त लव्हिनिया काय, मेरीचा होऊ घातलेला नवरा रिचर्ड कार्लाइल काय, कोण कोणाकडे बघतंय तेच चाललेलं असतं. नंतरच्या वेळी आजीबाई व्हायोलेटचे टोमणे (ती भूमिका करणारी मॅगी स्मिथ २०२४ मध्ये गेली तेव्हापासून ते सीन बघताना जरा वेगळंच होतं, असो). पण वाढणाऱ्यांवर नजर ठेवली की कळतं, या सीझनचं महायुद्ध खंदकांपेक्षा त्या डायनिंग रूममध्ये जास्त नीट दिसतं. माझं मत आहे, भांडायला तयार आहे.

आधी थोडं मागचं. पहिला सीझन एप्रिल १९१२ ला टायटॅनिकच्या बातमीने सुरू होतो आणि ऑगस्ट १९१४ च्या गार्डन पार्टीत जर्मनीशी युद्ध जाहीर होऊन संपतो. तोवर बटलर (मुख्य नोकर) कार्सनकडे दोन फुटमन आहेत, थॉमस आणि विल्यम. फुटमन म्हणजे नुसता वाढपी नव्हे, उंच, देखणा, लिव्हरी (घराण्याचा गणवेश) घातलेला, घराची ऐपत दाखवायला उभा केलेला माणूस. ब्रिटनमध्ये पुरुष नोकर ठेवण्यावर चक्क कर होता, १७७७ मध्ये अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चासाठी बसवलेला तो थेट १९३७ पर्यंत चालला. म्हणजे जेवायला पुरुषांनी वाढणं हीच श्रीमंती, आणि बायका वाढायला लागल्या की बघणाऱ्याला कळायचं काहीतरी बिघडलंय. हे डोक्यात ठेवून कार्सनचा चेहरा बघा, तो उगाच आखडू नाहीये, त्याच्या लेखी घराची अब्रू चाललीये.

पहिला एपिसोड नोव्हेंबर १९१६ चा, फ्रान्समधली सोमची लढाई. (खंदकांचं शूटिंग सफकमधल्या एकेनहॅमजवळ, तिथे त्यासाठी आख्खं रणांगण उभं केलं होतं.) थॉमस आधीच मेडिकल कोअरमध्ये गेलेला, कारण त्याला वाटलं होतं की स्ट्रेचर उचलणं सेफ असेल, तसं ते नसतं हे कळल्यावर रात्री लायटर पेटवून हात खंदकाच्या वर धरतो आणि गोळी लागायची वाट बघतो. तो सीन माझ्या मते सीझनमधला सगळ्यात प्रामाणिक सीन आहे. इकडे घरी विल्यम एकटाच फुटमन. बापाचं एकुलतं एक पोर उरलेलं म्हणून त्याला थांबवलेलं, आणि मग कॉन्सर्टमध्ये दोन बायका येऊन तरुण पोरांना भित्रेपणाचं पांढरं पीस वाटत फिरतात. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती जानेवारी १९१६ च्या कायद्याने आलीच होती, त्यामुळे त्याचं जाणं ठरलेलंच होतं.

विल्यम गेला की मजा (?) सुरू. नेहमीचा बेट्स नाहीये म्हणून रॉबर्टचा (म्हणजे अर्लचा) व्हॅलेट, म्हणजे खास नोकर, म्हणून लँग नावाचा माणूस आलाय, आघाडीवरून परत पाठवलेला, शेल शॉक (लढाईच्या धक्क्याने मन खचणं) झालेला, त्यालाच कार्सन डायनिंग रूममध्ये उभा करतो कारण दुसरं आहे कोण. पहिल्या वेळी मी लँगला विसरूनच गेले होते, यावेळी वहीचं अख्खं पान त्याच्यावर. आणि त्याची बाजू घेते कोण तर मालकिणीची मेड ओब्रायन! जिला आपण सगळे शिव्या घालतो ती, कारण तिचा भाऊ असाच आजारी होऊन परत गेला आणि मेला. मग एका डिनरला स्वतः कार्सनच कोसळतो. त्यानंतर कुठे अ‍ॅना वगैरे मेड्सनी वाढलेलं त्याला चालायला लागतं. तेही चालतं म्हणजे काय, आजारपणाने हरलेला माणूस.

घराचं कॉन्व्हलेसंट होम (बरे होत असलेल्या जखमी ऑफिसरांसाठीचं) होतं तो भाग सगळ्यांना आठवत असेल, बैठकीच्या खोल्यांत खाटा, पिंगपाँग, मॅथ्यूची आई इझोबेल विरुद्ध घरची मालकीण कोरा. इथे खऱ्या घराची गोष्ट जास्त भारी आहे. शूटिंग झालं ते हॅम्पशरमधलं हायक्लेअर कॅसल, तिथल्या काउंटेस अल्मिनाने सप्टेंबर १९१४ मध्येच तिथे हॉस्पिटल सुरू केलं, पैसे आल्फ्रेड डी रॉथशिल्डचे, आणि १९१६ मध्ये ते लंडनला ब्रायनस्टन स्क्वेअरला हलवलंसुद्धा. म्हणजे टीव्हीवरचं घर जेव्हा हॉस्पिटल व्हायचा विचार करतं तेव्हा खऱ्या घरातून हॉस्पिटल जाऊन झालेलं होतं. अल्मिनाचा नवरा म्हणजे तोच लॉर्ड कार्नार्व्हन, हॉवर्ड कार्टरबरोबर इजिप्तच्या तुतनखामेनची कबर शोधणारा. मालिकेतल्या कुत्र्यांची नावं आधी फेरो आणि मग आयसिस आहेत ती उगाच नाहीत.

अजून एक वहीतली नोंद, नोकरांचं स्वयंपाकघर हायक्लेअरला नाहीचे, तो सेट लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला. म्हणजे खाली किचनमेड डेझीने भरलेला ट्रे जिना चढतो ईलिंगला आणि जेवणाच्या टेबलावर पोचतो हॅम्पशरमध्ये. हे एकदा कळलं की प्रत्येक वेळी नजर दारावरच जाते.

थॉमस परत येतो तो अ‍ॅक्टिंग सार्जंट होऊन, त्या कॉन्व्हलेसंट होमचा कारभार बघायला. ज्या घरात तो ट्रे धरून उभा असायचा तिथे आता तो ऑर्डरी सोडतो आणि कार्सनने गप ऐकायचं. रॉब जेम्स-कोलिअरची चालसुद्धा बदलते, खांदे मागे, हात पाठीशी. थांबवून थांबवून बघितलं.

आणि आयरिश ड्रायव्हर ब्रॅन्सनचा तो जनरलवाला प्रकार! फुटमन नाहीत म्हणून ड्रायव्हरला वाढायला घेतात आणि तो जनरलच्या डोक्यावर घाण ओतायचा बेत करून येतो. पहिल्यांदा मला हे निव्वळ बालिश वाटलं होतं, पण याच सीझनमध्ये तो सिबिलला (घरची धाकटी मुलगी) सांगतो की त्याचा चुलतभाऊ ईस्टर रायझिंगच्या (इंग्रजांविरुद्धच्या आयरिश बंडाच्या) वेळी डब्लिनच्या नॉर्थ किंग स्ट्रीटवर इंग्रज सैनिकांच्या गोळीने मेला, ते धरून बघितलं की राग कुठून येतो ते कळतं. आता तारीख बघा. डब्लिनचं बंड शरण आलं २९ एप्रिल १९१६ ला, आणि त्याच दिवशी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतला ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, सुमारे १३ हजार माणसं. त्या डिव्हिजनचं नाव पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. एका अर्लच्या जेवणाच्या टेबलावरून हे दिसणार नाही हे मान्य, मालिका फ्रान्सकडेच बघते. पण टेबलावरचे जनरल फ्रान्सबद्दल बोलत असताना आपली माणसं कुठे कैदेत होती हे एकदा डोक्यात शिरलं की जात नाही.

विल्यमचा मृत्यू. हा सीन सगळे डेझीसाठी बघतात, मी यावेळी आधीचा भाग परत बघितला. गावातलं हॉस्पिटल ऑफिसरांसाठी, विल्यम साधा सैनिक, म्हणून मरायला टेकला तरी त्याला लीड्सला ठेवलेलं, डॉक्टर क्लार्कसन नियम दाखवतात. मग व्हायोलेट फोन उचलते, ओळखी वापरते आणि त्याला घरी आणते. बाई ग्रेटच, पण हेही लिहून ठेवलं की नियम काही बदलला नाही, फक्त एकाची ओळख निघाली. बाकीचे विल्यम लीड्सलाच.

स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरचा भाचा आर्ची, ज्याला भित्रेपणासाठी आपल्याच सैन्याने गोळी घातली, त्याची गोष्ट मालिका पुढे सीझन ५ मध्ये स्मारकाच्या वेळी परत काढते, ते आवडलं. अशा ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये.

न आवडलेलं पटकन सांगते. मॅथ्यूचा कणा एकदा मोडला तो मोडला, मग एकदम उभा राहतो आणि डॉक्टर म्हणतात नुसता मार होता, अरे काय! तो स्वतःला घरचा हरवलेला वारस म्हणवणारा भाजलेल्या चेहऱ्याचा कॅनडाचा पॅट्रिक, तो एपिसोड मी ओव्हनसमोर उभं राहून अर्धवट बघितला आणि काही बिघडलं नाही. आधी इथलीच मेड असलेल्या एथेलची गोष्ट ताणलीये, पण जेवणाच्या वेळी ती बाळ घेऊन आत घुसते तो सीन माझ्या नियमात बसतो. वाढणारी मुलगी एकदाची टेबलाशी बोलते.

शेवटचा एपिसोड १९१९ चा, स्पॅनिश फ्लू. युद्ध संपलंय, थॉमसचा सार्जंटपणा संपलाय, काळ्या बाजारात लावलेले पैसे प्लास्टरच्या भुकटीत गेलेत. कार्सन तापाने आडवा. मोल्सली बटलर व्हायला येतो आणि वाइन चाखता चाखता झिंगतो (केव्हिन डॉइलला यासाठी वेगळं बक्षीस द्या कोणीतरी). आणि मग थॉमस पुढे होतो, मी वाढू का म्हणून. एवढं सगळं होऊन माणूस परत त्याच ट्रेपाशी, तोही स्वतःहून, कारण बाहेर त्याला कोणी विचारत नाहीये. लव्हिनिया त्याच रात्री जाते म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही.

सीझन ३ याच पद्धतीने सुरू करणार आहे, तिथे कार्सन फुटमन नाही म्हणून रडतो आणि ओब्रायनचा उंच भाचा आल्फ्रेड येतो, मग जिमी. कोणी सोबत बघणार असेल तर सांगा, एक काम वाटून द्यायचंय: मेड्स डायनिंग रूममधून नक्की कुठल्या सीननंतर परत बाहेर जातात ते मला पकडायचंय, आणि अ‍ॅनाकडे बघायला लागले की माझं बाकीच्या भिंतीकडे लक्ष राहत नाही.